हापूसची कलमे तोडावीत का? बदलत्या हवामानातील कोकणच्या आंबा बागेविषयी

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. राजापूर तालुक्यात कातळाच्या कडेने वडिलांनी लावलेली हापूसची सुमारे दोनशे कलमे आहेत. आपण नोकरीनिमित्त मुंबईत असल्यामुळे बाग तीन वर्षांच्या कराराने दिलेली आहे. गेल्या काही हंगामांत मोहोर भरपूर येतो, पण फळ टिकत नाही, आणि जे टिकते ते उशिरा तयार होऊन पावसात सापडते. करारदार कल्टारची, म्हणजे मोहोर लवकर आणणाऱ्या वाढरोधक औषधाची, मात्रा वाढवू म्हणतो, तर गावातील जाणती माणसे कलमे तोडून काजू लावा म्हणतात. हवामान बदलामुळे हापूस कोकणातून जाणारच असेल, तर पैसे आणि वर्षे आणखी का घालवायची, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. कलमे तोडू नयेत, औषधाची मात्रा वाढवू देऊ नये, आणि बागेचा करार मात्र या वर्षीच बदलावा. तिसऱ्या गोष्टीचा हवामानाशी संबंध चटकन दिसत नाही, परंतु आपल्या बागेपुरती तीच सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

हापूसचे पीक वर्षभरात एकूण पाऊस किती पडला किंवा सरासरी तापमान किती राहिले, यापेक्षा कोणती गोष्ट कोणत्या वेळी घडली यावर अधिक अवलंबून असते. सप्टेंबरअखेरीस पाऊस आवरतो, ऑक्टोबरच्या उन्हात कातळावरची उथळ माती लवकर सुकते, झाडाला ताण बसतो, आधी आलेल्या पालवीची काडी पक्व होते, आणि पुढे रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली उतरू लागले की त्या पक्व काडीच्या शेंड्यातील डोळा पालवीऐवजी मोहोराचा होऊन फुटतो. ऑक्टोबरच्या मध्यास बागेत जाणे झाले तर काडीचा शेंडा हातात धरून पाहावा. पाने गर्द हिरवी व जाड असतील, मुठीत दाबल्यावर करकर मोडत असतील आणि शेंड्याचा डोळा टपोरा असेल, तर ती काडी मोहोराला तयार आहे. पाने तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असतील, तर त्या काडीचा मोहोर दोन-तीन महिने लांबला असे समजावे. बागेतील निम्म्याहून अधिक काड्या या दुसऱ्या प्रकारच्या असतील, तर येणारा हंगाम मे महिन्याच्या उत्तरार्धात ढकलला गेला, हे ऑक्टोबरमध्येच कळते.

हा क्रम आता वारंवार बिघडतो आहे आणि त्याची सुरुवात पावसाच्या शेवटापासून होते. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. आधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर आधारलेल्या होत्या. नव्या तक्त्यात मुंबईला पाऊस येण्याची तारीख १० जूनवरून ११ जूनवर, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे राहिली, पण परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. कागदावर नऊच दिवसांचा फरक दिसतो, पण झाडाला ताण बसण्याचा काळ नेमका त्याच दिवसांत सुरू होत असे. त्यात परतीच्या पावसानंतर अरबी समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाऊस पडतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार चक्रीवादळ किनाऱ्यासमोर असताना दक्षिण कोकणात कापणीला आलेले भात शेतात भिजले, हे आपल्याला आठवत असेल. त्याच पावसाने आंब्याला नवी पालवी फुटते, याची चर्चा मात्र भातापुढे मागे पडते, कारण ते नुकसान सहा महिन्यांनी दिसते.

अरबी समुद्राविषयी दोन वाक्ये लिहिणे आवश्यक आहे. हा समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या तुलनेत चक्रीवादळांच्या बाबतीत शांत मानला जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे निम्म्याने वाढली आणि त्यांचा मुक्कामही लांबला, आणि समुद्राच्या वरच्या थरांचे तापणे हे त्यामागचे मुख्य कारण आहे. म्हणजे आपल्या बागेत नोव्हेंबरमध्ये पडणाऱ्या पावसाचे मूळ त्या पाण्यात आहे, आणि ते पाणी पुढच्या दोन-चार वर्षांत थंड होणार नाही.

क्रमातील दुसरा बिघाड थंडीचा आहे. हवामान बदल म्हणजे थंडी नाहीशी होणे, असा सरळ अर्थ बागेत लागू पडत नाही. अनेक हंगामांत डिसेंबर उबदार जातो आणि थंडी जानेवारी-फेब्रुवारीत एकदम येऊन लांबते. पहिल्या मोहोराला कणी धरलेली असते, फळे वाटाण्याएवढी झालेली असतात, आणि अशा वेळी रात्रीचे तापमान घसरले की त्याच किंवा शेजारच्या काडीवर दुसरा मोहोर येतो. यालाच आपण पुनर्मोहोर म्हणतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची फळे देठाशी पिवळी पडून गळतात. बरे, दुसरा मोहोर तरी कामाचा असावा, तर कडक थंडीत उमललेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते, संयुक्त, म्हणजे फळ धरू शकणारी, फुले कमी होतात आणि परागकणांची उगवणही मंदावते. आपण लिहिता त्याप्रमाणे बाग पांढरी झालेली दिसते आणि फळ मात्र हाती लागत नाही, त्याचा बराच भाग येथे आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक ॲसिड या वाढनियंत्रकाची ५० पीपीएम (दर लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम) तीव्रतेची फवारणी शिफारस केलेली आहे. एक ग्रॅम पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून वीस लिटर पाण्यात मिसळावी. पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमललेला असताना आणि दुसरी फळे वाटाण्याएवढी असताना करावी. पावडर सरळ पाण्यात टाकली तर ती नीट विरघळत नाही आणि मग औषध लागू पडले नाही अशी तक्रार होते. हा उपाय मी खात्रीने सुचवतो, पण तो पहिल्या मोहोराचे फळ टिकवण्यापुरताच आहे. ज्या वर्षी पहिला मोहोरच आलेला नाही, त्या वर्षी त्याचा उपयोग नाही.

तिसरा बिघाड उष्णतेचा. फेब्रुवारी २०२३ हा देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. कोकणात या दिवसांत पूर्वेकडून येणारे कोरडे वारे जोर धरतात, दुपारी समुद्रावरून येणारा वारा उशिरा सुरू होतो, आणि पारा सदतीस-अडतीसच्या पुढे जातो. वाटाणा ते गोटी अवस्थेतील फळे अशा तीन-चार दिवसांत ढिगाने गळतात. मोठ्या कैरीवर पश्चिमेच्या बाजूने चट्टे पडतात. फळ बाहेरून निर्दोष दिसूनही आत साका होण्याचे, म्हणजे गर पांढरट व स्पंजासारखा होऊन खराब होण्याचे, प्रमाण वाढते, कारण उघड्या, तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता खालच्या फांद्यांवरील फळांना लागते. कातळावरच्या बागेत हा त्रास दरीतल्या बागेपेक्षा नेहमी अधिक असतो.

चौथा आणि शेवटचा बिघाड हंगामाच्या शेवटी होतो, आणि चाकरमान्यांना तोच ठळक दिसतो, कारण ते मे महिन्यात गावी असतात. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले, तेव्हा उशिराचा आंबा झाडावर होता. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीत कलमांसह नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट गेल्या. २०२५ साली तर वादळाचीही गरज पडली नाही. मोसमी पाऊस २५ मे रोजीच, म्हणजे नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी, देवगडपर्यंत पोहोचला, आणि त्याआधीचे दिवसही पावसाचेच होते. भिजलेले फळ आढीत टिकत नाही, पेटीत जात नाही, आणि कॅनिंगला मिळेल त्या दराने घालावे लागते.

आता या चार गोष्टी एकत्र पाहिल्या, तर आपल्या बागेची अडचण स्पष्ट होते. हापूसचे प्रत्येक कलम हे एकाच झाडाची प्रत आहे. वंशवैविध्य शून्य असल्यामुळे सारख्या वयाची, सारख्या जमिनीवरची दोनशे कलमे हवामानाला एकाच वेळी एकच उत्तर देतात. चुकीच्या आठवड्यात पाऊस आला तर तो सगळ्या बागेला चुकीच्या अवस्थेत गाठतो. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातील डोंगरउतार हापूसने भरून गेले. त्या योजनेने अनेक घरांना उत्पन्न दिले, याबद्दल मला आदरच आहे. पण त्या लागवडीत एकाच जातीवर सगळा भार पडला आणि त्याच काळात रायवळ आंब्याची जुनी झाडे पेट्यांसाठी आणि जळणासाठी तुटत गेली. रायवळ कोयीपासून वाढलेला असतो, प्रत्येक झाड वेगळे असते. एक नोव्हेंबरात मोहोरतो, दुसरा फेब्रुवारीत. एकाच्या मोहोरावर भुरी ही बुरशी पडते, शेजारच्याच्या पडत नाही. हवामान लहरी असेल तेव्हा असे रान पूर्णपणे बुडत नाही आणि पूर्णपणे पिकतही नाही. बागायतदाराला तेवढे वैविध्य परवडणार नाही हे खरे, पण बागेत काहीच वैविध्य नसणे आता त्याहून महाग पडते आहे.

म्हणून जुळवून घेणे म्हणजे काय, तर बागेचा मोहोर आणि फळ एकाच आठवड्यात न येता दोन-अडीच महिन्यांत विभागून येईल अशी व्यवस्था करणे. बाकी सगळे उपाय या एका सूत्राच्या आधाराने तपासावेत.

पॅक्लोब्युट्राझोलचा, म्हणजे ज्याला गावात सरसकट कल्टार म्हणतात त्या वाढरोधकाचा, विचार याच दृष्टीने करतो. हे औषध वाईट नाही. ते पालवीची वाढ रोखते, मोहोर तीन-चार आठवडे आधी आणते, आणि फळ एप्रिलच्या आत काढता येते. पावसाळ्याच्या तोंडाशी होणारे नुकसान टाळण्याचा तो आजचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिलिलिटर अशी आहे. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, पावसाची उघडीप पाहून, बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोलाकार पंचवीस-तीस लहान भोके पाडून त्यांत द्रावण समान ओतायचे असते. झाड दहा वर्षांहून मोठे आणि सुदृढ असावे, आणि खत भरपूर द्यावे. मात्रा वाढवल्याने मोहोर वाढत नाही, फक्त काडीची पेरे आखूड होतात, पानांचे झुबके होतात, मोहोर गुच्छासारखा दाटतो आणि त्यात भुरी व कीड दडून राहते. औषध जमिनीत वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे दरवर्षी वाढती मात्रा म्हणजे आधीच्या साठ्यात भर असते. अशी झाडे काही वर्षांत थकतात, आणि एकदा थकलेले कलम सावरण्यास जेवढा काळ लागतो तेवढा तीन वर्षांच्या करारात मावत नाही. करारदाराच्या दृष्टीने ते तर्काला धरूनच आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चौथ्या वर्षीचे झाड त्याचे नाही.

माझा सल्ला असा की दोनशेपैकी सुमारे निम्म्या सशक्त झाडांनाच हे औषध द्यावे, तेही शिफारशीइतकेच, आणि उरलेली झाडे नैसर्गिक मोहोरावर ठेवावीत. दरवर्षी तीच झाडे न घेता गट बदलत जावेत. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तर आधीचा मोहोर मार खाईल आणि मागचा वाचेल, मे महिन्यात पाऊस लवकर आला तर उलट होईल. दोन्ही संकटे एकाच वर्षी येणार नाहीत असे मी म्हणत नाही, पण दोन्ही वेळा सगळे जाणार नाही.

पाण्याविषयी कोकणात एक विचित्र परिस्थिती आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मार्चमध्ये झाडाला घालायला घागरभर पाणी नसते. जांभा दगडातून पाणी झिरपते आणि पायथ्याशी निघून जाते. पूर्वी तीन-चार वर्षांच्या वरच्या कलमाला कोणी पाणी देत नसे आणि त्याची गरजही भासत नसे. आता फेब्रुवारी-मार्चची उष्णता पाहता फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून पंधरा-पंधरा दिवसांनी दर झाडाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी तीन-चार वेळा देण्याने फळगळ स्पष्टपणे कमी होते आणि फळाचे वजनही सुधारते. मात्र मोहोर येण्यापूर्वी पाणी देऊ नये, नाहीतर ताण मोडून पालवी फुटते. दोनशे झाडांचा हिशोब एका पाळीला तीस-चाळीस हजार लिटर होतो. वरच्या अंगाला प्लास्टिक अंथरलेले शेततळे किंवा जलकुंड, आणि खालच्या वहाळावर पाऊस ओसरताच गावकीने बांधलेला वनराई बंधारा, यांतून तेवढे पाणी उभे राहते. पाण्याइतकेच महत्त्व आच्छादनाचे आहे. झाडाखालचा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पाने, झाडून जाळण्याची पद्धत ताबडतोब थांबवावी. तो पातेरा आणि कापलेले गवत आळ्यात पसरले तर ओल टिकते आणि जमिनीची धग वर येत नाही, त्यामुळे साक्यालाही आळा बसतो. हे काम जवळजवळ फुकट आहे आणि तरी सर्वांत कमी ठिकाणी होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फळ गोटीपेक्षा मोठे झाल्यावर, अंड्याच्या आकाराचे होईपर्यंत, कागदी पिशव्या घालण्याची पद्धत आता रुजू लागली आहे. ऊन, फळमाशी आणि डाग या तिन्हींपासून संरक्षण मिळते. मजुरी लागते, म्हणून सगळ्या बागेवर नव्हे, तर हाताला येणाऱ्या फांद्यांवर आणि पश्चिमेकडील उन्हाच्या बाजूस आधी सुरुवात करावी.

हाताला येणाऱ्या फांद्या म्हटले, तर वडिलांच्या हातची आपली कलमे आता उंच आणि दाट झालेली असणार. पाऊस संपल्यावर मधल्या उभ्या फांद्या काढून झाडाचे पोट उघडावे, म्हणजे ऊन आत शिरते, भुरी कमी होते, फवारणीचे औषध निम्मे लागते आणि वादळात झाड वाऱ्याला कमी अडते. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, न चुकता लावावी, कारण ताज्या जखमेतून बुरशी शिरते, आणि खोडकिडाही तेथूनच शिरून फांदी पोखरून टाकतो. जोरदार छाटणी केलेले झाड दोन-तीन वर्षे फळ देत नाही. त्यामुळे दरवर्षी बागेचा एक लहान हिस्साच छाटावा. विभागणीचे सूत्र येथेही तेच आहे, आणि तीन वर्षांचा करारदार हे काम कधीच करणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

कीड आणि परागीभवन यांचा प्रश्न एकत्रच पाहावा लागतो. ढगाळ, दमट दिवसांत तुडतुडे आणि भुरी वाढतात, कोरड्या उष्णतेत फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. गेल्या काही वर्षांत थ्रिप्सने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बागायतदारांना अक्षरशः जेरीस आणले आहे, आणि वेळापत्रकापेक्षा कितीतरी अधिक फवारण्या होऊ लागल्या आहेत. फवारणीआधी एक साधी तपासणी करावी. पांढरा कागद मोहोराखाली धरून दांड्याला दोन-चार टिचक्या माराव्यात. कागदावर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे जीव पळताना दिसले तरच फवारणीचा निर्णय घ्यावा, आणि एकाच गटातील औषध पाठोपाठ वापरू नये. मोहोर उमललेला असताना सकाळी फवारणी केल्यास माश्या आणि मधमाश्या मरतात. आंब्याचे परागीभवन मुख्यतः निरनिराळ्या माश्या आणि लहान मधमाश्या करतात, आणि हापूसला स्वतःच्या परागांनी फळ धरण्याची क्षमता कमी असल्यामुळे या कीटकांचे मोल त्याच्या बाबतीत दुप्पट आहे. म्हणून बागेत केसर, रत्ना, गोवा मानकूर यांची थोडी झाडे मिसळावीत, गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला, लागून असलेले रायवळ आणि रानझुडपे तोडू नयेत, बागेत सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवता आल्या तर उत्तमच. जंगलाची ती पट्टी बागेच्या बाहेरची पडीक जागा नाही, बागेच्या उत्पन्नाचा एक हिस्सा तेथूनच येतो.

जुनी कलमे तोडण्याऐवजी ज्या झाडांना वर्षानुवर्षे फळ नाही, त्यांवर दुसऱ्या जातीचे डोळे चढवता येतात. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीने १९८१ साली प्रसारित केलेली जात नियमित फळते आणि तिच्यात साका होत नाही. बाजारात तिला हापूसचा भाव नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या वर्षी हापूस येत नाही त्या वर्षी भावाची तुलना कशाशी करणार? पंधरा-वीस झाडांपुरता हा प्रयोग आपण निःशंक करावा.

काजूविषयी थोडक्यात सांगतो. काजूचा मोहोर साधारण त्याच महिन्यांत येतो, त्याला त्याच अवकाळी पावसाचा आणि ढगाळ हवेचा त्रास होतो, आणि ढेकण्या किडीने मोहोर करपतो. जमीन रिकामी असती तर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ लावण्यास मी अनुमोदन दिले असते. बागेच्या मोकळ्या कोपऱ्यात आजही देतो. पण तीस-चाळीस वर्षांची मुळे कातळात रुतलेले कलम तोडून त्या जागी नवे रोप लावणे म्हणजे उष्णता सर्वांत चांगली सोसणारे झाड काढून, सर्वांत कमी सोसणारे लावणे होय. कोवळ्या रोपाची पहिली तीन वर्षे आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाहीत.

हवामानावर आधारित फळपीक विमा अवश्य घ्यावा. या विम्यात नुकसानभरपाई बागेतील प्रत्यक्ष नुकसानीवर ठरत नाही, तर महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर अवकाळी पाऊस, नीचांकी व उच्चांकी तापमान आणि वाऱ्याचा वेग यांची ठरलेली मर्यादा ओलांडली गेली का, यावर ठरते. केंद्र खाडीकाठी आणि बाग कातळावर असेल तर दोन्हींच्या तापमानात बराच फरक पडतो, आणि त्यातून अन्याय झाल्याची भावना निर्माण होते. म्हणून आपल्या बागेत एक साधा कमाल-किमान तापमापक आणि पर्जन्यमापक बसवून राखणदाराकडून रोजची नोंद ठेवावी. विम्याच्या दाव्यात ती ग्राह्य धरली जाईलच असे नाही, पण फवारणी, पाणी आणि काढणीचे निर्णय तिच्याशिवाय अंदाजाने घ्यावे लागतात, आणि केंद्राची जागा बदलण्याची मागणी गावाने करायची झाली तर तीच हाताशी असते.

आता कराराकडे येतो. मी वर जे उपाय सांगितले, त्यांतील जिबरेलिक ॲसिड, पिशव्या आणि फवारणीची शिस्त यांचा फायदा त्याच हंगामात मिळतो, म्हणून ते कोणीही करील. पाणी साठवणे, आच्छादन, टप्प्याटप्प्याने छाटणी, जातींची मिसळण, रायवळ राखणे आणि औषध निम्म्याच झाडांना देणे, यांचा फायदा चौथ्या-पाचव्या वर्षापासून दिसतो. हवामानाशी जुळवून घेण्याची सगळी खरी कामे या दुसऱ्या गटातली आहेत. कोकणात निम्मी गावे मुंबईला आणि बागा अल्प मुदतीच्या कराराने दिलेल्या, अशी स्थिती असताना ही कामे कोणाच्याच वाट्याला येत नाहीत, आणि मग सगळा दोष हवामानावर जातो. हवामान बदलले आहेच, परंतु त्याच आळीत मालक स्वतः राहत असलेल्या बागा अधिक सावरलेल्या दिसतात, हे आपण गावी गेल्यावर पडताळून पाहू शकता.

आपण गावी परतू शकत नसाल तर करार किमान आठ ते दहा वर्षांचा करावा, ठोक रकमेऐवजी उत्पन्नात हिस्सा ठरवावा म्हणजे वाईट वर्षाचा भार दोघांत वाटला जाईल, आणि पुढील गोष्टी लेखी घालाव्यात: प्रत्येक झाडाला क्रमांक आणि त्याला कोणत्या वर्षी किती पॅक्लोब्युट्राझोल दिले याची वही, दरवर्षी बागेच्या ठरावीक हिश्श्याची छाटणी, पातेरा न जाळण्याची अट, मोहोर उमललेला असताना सकाळची फवारणी बंद, शेततळ्याचा खर्च मालकाचा आणि पाणी देण्याची मजुरी करारदाराची. सध्याचा करारदार मेहनती असेल तर त्याच्याशीच हे बोलावे, माणूस बदलण्याची गरज नाही. दीर्घ मुदत मिळाली तर त्यालाही झाड राखण्यातच फायदा दिसेल.

बोलणी जूनच्या आत आटोपावीत, कारण १५ जुलैपासून औषध घालण्याचे दिवस सुरू होतात आणि एकदा ते जमिनीत गेले की त्या वर्षापुरता निर्णय झालेला असतो. नंतर ऑक्टोबरमध्ये चार दिवस काढून गावी जाऊन काड्या तपासाव्यात, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या झाडांतील पक्व काडी व नवी पालवी यांचे प्रमाण वहीत लिहावे, आणि ती नोंद मला पाठवावी. तिच्यावरून पाण्याच्या पाळ्या आणि जिबरेलिक ॲसिडच्या फवारणीचे दिवस आपल्या बागेपुरते ठरवून देता येतील.